अंगणातली थडगी

मैद्याची खळ शिजायला ठेवली की बराच वेळ काहीच होत नाही. ढवळत राहावं लागतं. पांढरं पाणी पांढरंच राहतं आणि आपण उगाच उभे आहोत असं वाटायला लागतं. मग एका क्षणी चमचा जड होतो, पांढऱ्याचं दुधी काचेसारखं काहीतरी होतं, आणि वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा, नुकत्याच बांधलेल्या वहीचा वास. भूक लागावी असा नाही, किळस यावी असाही नाही. आज सकाळी इंग्लंडात, लीड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात तो वास आला. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर जसाच्या तसा त्या पातेल्यातून वर आला.

इथला ऑक्टोबर कधी लागतो ते कळत नाही. एक दिवस ऑफिसातून परत येताना बसच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो, म्हणजे बाहेर अंधार झालेला असतो. फुटपाथवरची पानं आधी चुरचुरतात, मग चिकटतात. आणि सुपरमार्केटमध्ये ज्या मांडणीवर शाळेचे गणवेश होते तिथे सांगाडे येतात. ज्या देशात वर्षभर मरणाचं नाव काढणं असभ्य समजतात, नवरा गेला तर ‘मी त्याला हरवलं’ असं ट्रेनमध्ये छत्री विसरल्यासारखं सांगतात, तो देश या एका आठवड्यात दारात हाडं टांगतो आणि शेजाऱ्यांच्या पोरांना चॉकलेटं वाटतो. मला ही व्यवस्था आवडायची. आठवडाभर उघडपणे घाबरून घ्या, उरलेलं वर्षभर चहा करा.

आमच्या रस्त्याची एक कमिटी आहे. कमिटीच्या अध्यक्षबाईंकडे स्वतःचं लॅमिनेशन मशीन आहे, आणि ज्याच्याकडे लॅमिनेशन मशीन असतं त्याच्याकडे सत्ता आपोआप चालत येते. नागपुरात अशा माणसाच्या गळ्यात झेंडूचा हार असतो, इथे पट्टीला लटकवलेलं ओळखपत्र असतं. चालण्यात फरक नाही. बाई दरवर्षी हॅलोवीनला सर्वांत चांगल्या सजवलेल्या अंगणाला प्रमाणपत्र देतात. लॅमिनेट केलेलं. त्या वर्षी आमच्या इराने, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने, ते मिळवायचं ठरवलं होतं.

‘फुगवायचा ड्रॅगन घेऊ,’ तिचा बाबा, शिरीष, म्हणाला. ‘प्लग लावला की उभा.’

‘बाबा, दॅट्स सो लेझी. सगळ्यांकडे तोच आहे. आपण मेक करू या.’

‘मग आईला सांग. ती नागपूरची आहे. तिकडे भुतं करणं हा घरगुती उद्योग आहे.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘पुण्यातली भुतं आधी पाटी लावतात, मग घाबरवतात.’

थट्टा खरी असली तरी उद्योगही खराच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबूच्या कामट्यांचे आणि कागदाचे प्रचंड पुतळे. त्यांच्याबरोबर प्रत्येक मोहल्ल्याचे बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्याने ज्याने लोकांना छळलं त्याचं सोंग, गळ्यात पाटी अडकवलेलं. महागाई असते, खड्डे असतात, एखादा पुढारी असतो. ही सगळी पीडा वाजतगाजत गावाबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची. लोक ओरडतात, ‘खोकला-खासी घेऊन जा गे मारबत.’ आमच्या गल्लीतला बडग्या सायकलच्या दुकानासमोरच्या ओट्यावर तयार व्हायचा. कामट्या बांधायचं काम मुलांकडे, खळ ढवळायचं मुलींकडे. पातेलं उतरवण्याआधी कुणीतरी मोठं माणूस त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं आणि आम्हाला लांब व्हायला सांगायचं. सुंदर निळे खडे होते ते, आणि विषारी. त्यामुळे उंदीर, झुरळं, कसर कुणीही त्या कागदाला तोंड लावत नसे.

लीड्समध्ये मी सगळं तसंच केलं. मोरचूद तेवढं राहिलं.

सप्टेंबरचे शेवटचे शनिवार-रविवार आम्ही पुठ्ठे कापण्यात घालवले. दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमधून कवट्या निघाल्या, जुन्या चादरीतून दोन भुतं, शिरीषच्या बागकामाच्या हातमोज्यांमधून मातीतून वर येणारे पंजे. मुख्य आकर्षण थडग्यांचं. न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या, थरावर थर, मग राखाडी रंग आणि वर काळी अक्षरं. इराने मजकूर स्वतः केले. ‘इथे बाबा. म्यूटवर आहे.’ ‘इथे आई. दोन मिनिटांत येते म्हणाली होती.’ स्वतःसाठी तिने लिहिलं, ‘इथे इरा. होमवर्क केला होता, शप्पथ.’ माझ्या नावाचं थडगं रंगवताना माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही, हे आता सांगितलं पाहिजे. हात चिकट होते, रेडिओ चालू होता, मजा येत होती.

ब्रायन आणि जीन आमचे शेजारी. शेजारी म्हणजे आमचं घर आणि त्यांचं घर हे मुळात एकाच घराचे दोन अर्धे, मधे एक भिंत. इंग्रजीत आम्ही सगळे त्यांना नुसतं ब्रायन म्हणायचो, अकरा वर्षांची पोरसुद्धा. घरात मराठीत बोलायला लागलं की मात्र माझ्या तोंडी ते आपोआप ‘ते’ व्हायचे. सत्तरीच्या पुढचा माणूस, कायम हातात कात्री, कायम कुंपणाशी. राजकारणात त्यांना रस नव्हता. देवावर विश्वास नव्हता, राजघराण्यावर तर अजिबात नव्हता. त्यांची एकच तीव्र भूमिका होती: त्यांच्या घरासमोर कुणी गाडी लावू नये.

‘सगळ्यांना जागा दिलीस. मला नाही?’ त्यांनी इराला कुंपणावरून विचारलं.

‘तुम्हाला हवंय? खरंच?’

‘एवढी वर्षं या रस्त्यावर काढली. एक प्लॉट तर मिळायला हवा.’

‘काय लिहू?’

ते क्षणभरही थांबले नाहीत. ‘इथे ब्रायन. कृपया समोर गाडी लावू नये.’

शिरीष हसून हसून पायरीवर बसला. मला म्हणाला, ‘हा माणूस चुकून यॉर्कशायरमध्ये जन्मला. सदाशिव पेठेतला आहे हा.’

त्या संध्याकाळी पुण्याहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. इराने फोन फिरवून सगळी स्मशानभूमी दाखवली. अप्पा आयुष्यभर सत्यनारायणाला उठून बाहेर जाणाऱ्यांतले. त्यांनी कवट्यांचं कौतुक केलं आणि मग चष्मा वर केला.

‘मेघना, भुतं करा, सांगाडे करा, माझं काही म्हणणं नाही. पण जिवंत माणसाचं नाव कशाला घालता त्यावर?’

‘अहो अप्पा, त्यांनीच सांगितलं. गंमत आहे.’

‘गंमत आहे हे तुला कळतं, त्यांना कळतं. बाकी कुणाकुणाला कळवणार आहात?’

मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर शिरीषला म्हणाले, अप्पा म्हातारे झाले.

दुसऱ्या दिवशी ब्रायन शेडमधून व्हार्निशचा डबा घेऊन आले. कुंपणाला लावून उरलेलं, तळाशी थोडंसं. ‘इथला पाऊस तुमच्या कागदाला दोन दिवसांत पाणी करेल,’ ते म्हणाले. एकाच थडग्याला पुरेल एवढंच होतं. मग बादली पालथी घालून त्यावर बसले आणि स्वतःच्या थडग्याला स्वतःच व्हार्निश लावलं, कडा, पाठ, तळ, सगळीकडून. म्हणाले, म्हातारं माणूस आहे, लवकर भिजतं. मधेमधे थांबून खोकत होते. तो खोकला आमच्या ओळखीचा होता. उन्हाळ्यापासून आम्ही तो बैठकीच्या भिंतीतून ऐकत होतो, जेवताना, बातम्या बघताना, इराचे पाढे घेताना. आधी कोरडा होता, मग खोल गेला. शेजाऱ्याचा खोकला ऐकू येणं ही फार खासगी गोष्ट आहे. माणसाचं पाकीट उघडं दिसावं तसं. आपण ऐकलं हे त्याला सांगताही येत नाही. बरं नाही का, असं विचारलं तर ‘नुसता छातीचा आहे’ असं उत्तर यायचं, जणू छाती हा फारसा महत्त्वाचा अवयव नाही.

थडगी आम्ही मांडली त्याच आठवड्यात ब्रायनना हॉस्पिटलात नेलं. भिंत गप्प झाली. आणि इकडे आमच्या अंगणात गोगलगाई आल्या.

शंख नसलेल्या, बोटाएवढ्या, तपकिरी गोगलगाई. मला वाटत होतं त्यांना कोबीची पानं लागतात. त्यांना मैदा जास्त आवडतो. सकाळी बघावं तर शिरीषच्या थडग्यावर रुपेरी रेघा आणि अक्षरं अर्धी गायब. मग माझं थडगं गेलं. इराचं तर खालच्या सीरियलच्या खोक्यावरच्या वाघाच्या चित्रापर्यंत खाल्लं. निळे खडे आठवले, पण इथे मोरचूद कुठे मागायचं आणि मागितलं तर काय समजतील, हा वेगळाच प्रश्न. आम्ही हसत होतो तेव्हा. शिरीष म्हणाला, आता हे खरं प्राचीन दिसतंय. एकाच थडग्याला त्यांनी स्पर्श केला नव्हता. व्हार्निशच्या चकचकीत थराखाली अक्षरं अगदी ताजी होती: इथे ब्रायन.

जीन मला कचऱ्याचा हिरवा डबा ओढत रस्त्यापर्यंत आणताना भेटल्या. ‘शुक्रवारी घरी सोडतायत त्याला, लव्ह,’ त्या इथल्या सवयीने म्हणाल्या. ‘त्याला घरीच यायचं होतं.’

‘अरे वा,’ मी म्हणाले. ‘छानच झालं की.’

मी जिथे वाढले तिथे हॉस्पिटलातून सुट्टी झाली हे पेढ्यांचं वाक्य आहे. आता घरी न्या, हे दुसरं वाक्यही मला माहीत होतं. पण ते डॉक्टर कॉरिडॉरमध्ये, खालच्या आवाजात, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात. त्याला एक चेहरा असतो. जीन यांच्या आवाजात तो चेहरा नव्हता. पार्सल शुक्रवारी येणार आहे, तशा त्या म्हणाल्या. मी बेसन भाजायला घेतलं. गुरुवारी डबाभर लाडू नेऊन दिले, वर दोन-दोन काजू. जीन यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘किती गोड आहेस तू.’

शुक्रवारी दुपारी एक व्हॅन आली. तिच्यातून कठडे असलेला पलंग उतरला, मग पंपाची गादी, मग ऑक्सिजनचं यंत्र. सोफा मागच्या खोलीत गेला आणि पलंग पुढच्या मोठ्या खिडकीत आला. शिरीष त्या दिवशी घरून काम करत होता. मी आत आल्याबरोबर त्याने लॅपटॉप मिटला.

‘तो पलंग बघितलास?’

‘बघितला.’

‘मेघना, तू लाडू दिलेस.’

‘दिले.’

तेवढ्यात भिंतीतून खोकला पुन्हा सुरू झाला, आणि तो आता पलंगाच्या जागेवरून, म्हणजे आमच्या अगदी जवळून येत होता.

त्या खिडकीतून काय दिसतं ते सांगते. त्यांचं छोटं अंगण, गुडघाभर उंचीचं कुंपण, आणि त्यापलीकडे आमचं स्मशान. पहिल्या रांगेत, कुंपणाला लागून, कारण ती जागा त्यांनीच मागून घेतली होती, ते एकमेव शाबूत थडगं. अक्षरं रस्त्याकडे होती, पण उशीवर मान जरा वळवली की थडगं कडेने दिसणार.

‘गुपचूप काढून टाकू,’ शिरीष म्हणाला.

‘त्यांना दिसेल काढताना.’

‘मग राहू दे.’

‘तेही दिसतंच आहे.’

‘वाऱ्याने पडलं म्हणून सांगू.’

‘वारा कुठे आहे?’

असं आम्ही स्वयंपाकघरात, नळ सोडून, कुजबुजत होतो. नागपुरात प्रश्नच नव्हता. शेजारच्या घरात कुणी अत्यवस्थ असेल तर गल्लीतला लाउडस्पीकर बंद होतो, फोडणीचा आवाजसुद्धा जपून करतात, आणि चार बायका जाऊन बसतात. तिथे कुणी काही न सांगता कसं वागायचं ते ठरलेलं असतं. इथेही ठरलेलं असेल. मला ते माहीत नव्हतं. कमिटीच्या अध्यक्षबाईंनी रस्त्याच्या ग्रुपवर निरोप टाकला की सद्य परिस्थितीची जाणीव ठेवून सर्वांनी सजावट सुरुचिपूर्ण ठेवावी. परिस्थिती कोणती, ते लिहिलं नव्हतं. ‘सुरुचिपूर्ण थडगं कसं असतं?’ शिरीषने विचारलं. तो सगळा निरोप आमच्यासाठीच होता याबद्दल शंका नव्हती.

मी ना नवस बोलले कधी, ना उपास केले. त्या आठवड्यात मी गोगलगाईंकडे मागणं मागितलं. रोज सकाळी कोट चढवून, पेपर बघायला आल्यासारखं करून मी अंगणात जायची आणि ब्रायन यांच्या थडग्याची कड तपासायची. कुठे एक रेघ, कुठे एक भोक. पावसानेच किंवा किड्यानेच हा निर्णय घ्यावा, माझ्यावर येऊ नये, एवढंच म्हणणं होतं. पण व्हार्निश पक्कं होतं. इतर थडग्यांच्या लगद्यावर त्या मजेत चरत होत्या आणि हे एक उभं होतं, दर सकाळी जास्तच स्वच्छ. भिंतीपलीकडचा खोकला वाढला की मला अप्पांचा चष्मा आठवायचा. मी विचारी बाई आहे; पुठ्ठ्यावरच्या अक्षरांनी फुप्फुस बिघडत नाही हे मला समजतं. ते समजणं दिवसा फार उपयोगी पडायचं. संध्याकाळी पाच वाजता अंधार पडला की त्याचा जोर कमी व्हायचा, आणि भाजी चिरता चिरता डोक्यात एकच ओळ फिरत राहायची: खोकला-खासी घेऊन जा गे. पण मारबत जाते. आमची तिथेच उभी होती.

इराला आम्ही काही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, कसं, कधी, यावर आमची चर्चा चालूच होती. एका दुपारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, ‘मी ब्रायनच्या ग्रेव्हवर फ्लॉवर्स ठेवले.’

माझ्या हातातली सुरी थांबली. ‘कुठे ठेवलेस?’

‘ग्रेव्हवर. बागेतली शेवंती होती ना, ती. ब्रायन बघत होता विंडोमधून. त्याने थम्ब्ज-अप केलं.’

‘इरा, अगं, ते फार आजारी आहेत.’

‘आय नो. ही इज डाइंग. जीनने मला सांगितलं.’ ती फ्रीज उघडून आत बघत होती. ‘तुम्ही दोघं नळ चालू करून बोलता ना, ते पण ऐकू येतं.’

अंगठा. मुलीच्या साक्षीवर विसंबून राहायला मला धीर होईना. आजारी माणसाचा हात कशासाठीही वर जाऊ शकतो. नळी सरळ करायला, उजेड अडवायला, नको म्हणायला. शेवटी मी शेजारी गेले. माफी मागायची आणि थडगं काढते म्हणून सांगायचं, असं वाक्य जुळवून गेले होते. इंग्रजीत माफी मागणं सोपं असतं, लोक खुर्चीला धडकले तरी मागतात. पण ही माफी त्या मापाची नव्हती.

खोलीत खूप उकडत होतं. ब्रायन उशांना टेकून बसले होते, निम्मे झालेले. गालफडं आत गेली होती. डोळे मात्र तसेच, रस्त्यावर.

‘ये. बस,’ ते म्हणाले.

‘ब्रायन, ते बाहेर जे आहे ना, मला सांगायचं होतं की...’

‘चालत नाहीये ते.’

‘काय?’

‘पाटी. परवा ती पांढरी व्हॅन होती, काल पुन्हा तीच. वाचतच नाही कुणी.’ एकेका वाक्याला थांबावं लागत होतं. ‘फार आत आहे.’

‘मी विचार करत होते, काढून टाकावं का.’

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘बाकी सगळी खाल्ली त्या किड्यांनी. एक धड उरलंय, ते काढणार?’ मग खोकला आला. भिंतीशिवाय ऐकला की तो वेगळाच होता. जीन यांनी पेला ओठाशी धरला आणि पाठीवर हात फिरवला, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘पुढे घे. फुटपाथच्या कडेला. दिसलं पाहिजे.’

जीन मला दारापर्यंत सोडायला आल्या. ‘लाडू संपले तुझे,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरं काही खात नाही तो आता. कोपरा चहात बुडवून देते.’ मग दार अर्धं लावून घेत म्हणाल्या, ‘बरं झालं विचारलंस. सगळे त्याच्यासमोरून वस्तू काढूनच नेतात, लव्ह. आधी गाडीची किल्ली नेली, मग जिना बंद झाला. तेवढं एक राहू दे त्याचं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भर रस्त्यात, शेजारच्या मरणासन्न माणसाचं थडगं उचलून फुटपाथच्या कडेला नेलं. खिडकीतून एक बोट सूचना करत होतं: डावीकडे, अजून, थांब. अध्यक्षबाई समोरून कुत्रा घेऊन येत होत्या. त्यांनी थडगं वाचलं, मला बघितलं, खिडकी बघितली, आणि हवा किती सुधारली आहे असं म्हणाल्या. पाऊस पडत होता.

हॅलोवीनची संध्याकाळ आली. गोगलगाईंनी खाल्लेल्या थडग्यांच्या मागे आम्ही हिरवे दिवे लावले होते, चादरीची भुतं ओली होऊन जड लोंबत होती. मी फाटकाशी चॉकलेटची टोपली घेऊन उभी होते आणि जीन त्यांच्या दारात. ब्रायन यांनी खोलीतला दिवा बंद करायला लावला होता, फक्त यंत्राचा निळसर उजेड खालून चेहऱ्यावर पडत होता. चेटकिणीच्या टोपीतला एक लहान मुलगा आमच्या सगळ्या देखाव्यावरून नजर फिरवून शेजारच्या खिडकीपाशी थांबला.

‘ममी, तो बघ. तो सगळ्यात भारी आहे.’

त्याच्या आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. तिने त्याचा दंड धरला. तेवढ्यात खिडकीतला हात हळूहळू, फार हळू वर आला आणि एक बोट वाकवून त्याने मुलाला जवळ बोलावलं. मुलगा किंचाळत रस्त्याच्या टोकापर्यंत पळाला आणि मित्रांना घेऊन परत आला. मग ते सुरूच झालं. मुलं यायची, फाटकाशी दबकायची, हात वर यायचा, किंकाळी. जीन दारात उभ्या राहून तोंडावर रुमाल धरून हसत होत्या, का काय करत होत्या ते मला अंधारात कळलं नाही. इरा गर्दी आवरत होती: ‘वन ॲट अ टाइम, प्लीज.’ मलाही हसू येत होतं, आणि हसता हसता मी बघत होते की दर वेळी हात आधीपेक्षा जरा कमी उंच येतोय. आता थांबवावं का? कुणी? त्यांच्या घरचा कार्यक्रम मी कोण बंद करणार? शेवटी नुसतं बोट हलत होतं चादरीवर, आणि तरीही मुलं किंचाळत होती.

प्रमाणपत्र कोपऱ्यावरच्या ड्रॅगनला मिळालं.

नोव्हेंबर लागल्यावर आम्ही सगळं आवरलं, ते एक सोडून. फटाक्यांचे दिवस झाले, पानं कुजली. एका बुधवारी दुपारी भिंत गप्प झाली. आधीही ती गप्प व्हायची आणि आम्ही दोघं घास हातात धरून वाट बघायचो. या वेळी वाट संपली नाही. मी ऑफिसात होते; शिरीष घरी होता, तो बाहेर गेला. थोड्या वेळाने काळी, बिननावाची व्हॅन आली आणि फुटपाथजवळ सावकाश होत थांबली. काळ्या सुटातला ड्रायव्हर खाली उतरला. त्याने थडगं पाहिलं, वाकून नीट वाचलं, मग शिरीषकडे बघितलं.

‘इथे लावली तर चालेल ना?’

‘आज चालेल,’ शिरीष म्हणाला.

त्याने हे मला संध्याकाळी सांगितलं, आणि मग बराच वेळ नळाखाली हात धुत राहिला.

मारबतीला गावाबाहेर नेऊन जाळतात, त्यामुळे पुढच्या वर्षी नवी करावी लागते. इथली भुतं खोक्यात घालून माळ्यावर ठेवतात. दोन्ही पद्धतींना स्वतःची अक्कल आहे असं आता वाटतं. कोणती बरी ते मात्र ठरत नाही. ते थडगं जीन यांनी मागून नेलं. खऱ्या दगडाला इथे वेळ लागतो, आधी माती बसू द्यावी लागते. तोवर कुठे ठेवलं, काय केलं, मी विचारलं नाही. गेल्या वर्षी आम्ही अंगणात एक भोपळा ठेवला फक्त. रस्त्यात कुणी काही म्हणालं नाही. जीन यांच्या घरासमोर आता रोज कुणीतरी गाडी लावतं.

यंदा इरा तेरा वर्षांची आहे आणि तिला हॅलोवीन बालिश वाटतो, असं ती म्हणते. गेल्या रविवारी तीच पुठ्ठे कापायला बसली. काल मी कुंपणाशी पानं गोळा करत होते तेव्हा जीन बाहेर आल्या. या दोन वर्षांत त्या खूप वाळल्या आहेत. कोटाच्या बाह्या लांब झाल्यासारख्या दिसतात.

‘यंदा करणार वाटतं तुम्ही,’ त्या म्हणाल्या.

‘इराचं चाललंय काहीतरी. तुम्हाला चालणार नसेल तर...’

‘मला एक हवंय,’ जीन म्हणाल्या. ‘त्याला केलंत तसं.’

माझ्या हातात ओल्या पानांचा ढीग होता. तो टाकावा की धरून ठेवावा ते मला कळेना. इरा दारातूनच ओरडली, ‘काय लिहू त्याच्यावर, जीन?’

जीन यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ब्रायन एक क्षणही थांबले नव्हते, त्या थांबल्या. रस्त्याकडे बघितलं, आपल्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘विचार करून सांगते, लव्ह. किटली ठेवली आहे,’ आणि आत गेल्या.

थडगं तयार आहे. आज सकाळच्या खळीने त्यावर शेवटचा थर चढवला, राखाडी रंगही देऊन झाला. व्हार्निश आणलं आहे, पण उघडलेलं नाही. रेडिएटरला टेकवून ठेवलंय, पूर्ण कोरं. येता-जाता इरा त्याच्यापाशी ब्रश घेऊन थांबते.

‘आई, जीनला जाऊन विचारू का?’

‘नको,’ मी म्हणते. ‘घाई नाही.’